व्हिपेहोल्मची टॉफी

दक्षिण स्वीडनमधील लुंड या विद्यापीठाच्या शहरात १९३५ साली व्हिपेहोल्म नावाची सरकारी संस्था सुरू झाली. ज्यांना काही शिकवणे शक्य नाही असा शिक्का बसला होता, अशी तीव्र बौद्धिक अपंगत्वाची माणसे तेथे ठेवली जात. रहिवाशांची संख्या हजाराच्या आसपास होती. या प्रकारची ती देशातील सर्वांत मोठी संस्था होती. आत आलेला माणूस बहुधा जन्मभर तेथेच राही. १९४५ ते १९५५ या दहा वर्षांत याच माणसांवर दातांच्या किडीविषयीचे प्रयोग झाले. साखर आणि दातांची कीड यांचा संबंध माणसांवर पद्धतशीर तपासणारा सर्वांत मोठा अभ्यास म्हणून दंतवैद्यकात आजही त्याचा दाखला दिला जातो. ज्यांच्या तोंडात हा प्रयोग झाला, त्यांना मात्र कोणी विचारले नव्हते.

किडलेल्या दातांचा देश

१९३० च्या दशकात स्वीडनमधील लोकांच्या दातांची अवस्था फार वाईट होती. सैन्यात भरती होणाऱ्या तरुणांची तपासणी केली, तर कीड नसलेले तोंड सापडणे मुश्कील असे. तीन वर्षांच्या मुलांतही दहापैकी आठ जणांचे दात किडलेले आढळत. १९३८ साली संसदेने सार्वजनिक दंतसेवा उभारण्याचा निर्णय घेतला. पण किडलेले दात भरत बसायचे, तर दंतवैद्य आणि पैसा दोन्ही अपुरे पडणार हे उघड होते. कीड मुळात होऊच नये म्हणून काय करावे, हे सरकारला हवे होते.

त्यावर तज्ज्ञांचे एकमत नव्हते. विलोबी मिलर या अमेरिकी दंतवैद्याने १८९० साली मांडले होते, की तोंडातील जंतू पिष्ट आणि साखर यांपासून आम्ल बनवतात आणि ते आम्ल दात खाते. दुसऱ्या पक्षाच्या मते दोष आतून येत होता. आहारात जीवनसत्त्वे किंवा खनिजे कमी पडली की दात कच्चा राहतो आणि कच्चा दात किडतो, असे ते म्हणत. ब्रिटनमध्ये मे मेलनबी यांनी ड जीवनसत्त्वाच्या बाजूने बराच पुरावा जमवला होता. त्यासाठी त्यांनीही निवासी संस्थांमधील मुलांच्या आहारात फेरफार करून पाहिले होते. म्हणजे संस्थेत राहणाऱ्यांवर आहाराचा प्रयोग करणे ही व्हिपेहोल्मपासून सुरू झालेली गोष्ट नव्हती.

१९३९ साली स्वीडिश सरकारने आपल्या वैद्यकीय मंडळाला किडीची कारणे शोधण्याचे काम दिले. मध्ये महायुद्ध आले आणि प्रत्यक्ष काम १९४५ मध्ये व्हिपेहोल्म येथे सुरू झाले.

हीच माणसे का?

निवडीमागचे शास्त्रीय कारण सरळ होते. आहार आणि कीड यांचा संबंध तपासायचा, तर प्रत्येक माणसाने दिवसभरात काय, किती आणि केव्हा खाल्ले हे वर्षानुवर्षे माहीत असावे लागते. घरी राहणाऱ्या माणसाबाबत ते अशक्य असते. व्हिपेहोल्ममध्ये सगळ्यांचा स्वयंपाक एका मुदपाकखान्यात होई, जेवणाच्या वेळा ठरलेल्या असत, बाहेरचे काही पोटात जाण्याची शक्यता नव्हती आणि माणसे संस्था सोडून जात नव्हती. शिवाय तेथील रोजच्या आहारात मधल्या वेळी गोड खाण्याची पद्धत जवळजवळ नव्हती. त्यामुळे साखर वाढवली तर काय होते हे स्वच्छ दिसणार होते.

दुसरे कारण कागदावर लिहावे लागले नाही. ही माणसे नकार देऊ शकणार नव्हती, आणि दिला तरी तो नकार म्हणून धरला जाणार नव्हता. त्या काळच्या स्वीडनमध्ये बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसाच्या शरीराविषयीचे निर्णय डॉक्टर आणि सरकार यांनी घ्यायचे, हे रूढच होते. १९३४ आणि १९४१ च्या कायद्यांनी नसबंदीची व्यवस्था केली होती. १९३५ ते १९७५ या काळात त्या कायद्यांखाली सुमारे ६३,००० लोकांची नसबंदी झाली. त्यांपैकी अनेकांवर ती दबावाने किंवा त्यांची इच्छा न विचारता लादली गेली. अशा वातावरणात व्हिपेहोल्मचे मुख्य वैद्य हुगो फ्रोडेरबर्ग यांची परवानगी प्रयोगाला पुरेशी ठरली.

जीवनसत्त्वांकडून साखरेकडे

पहिला टप्पा निरुपद्रवी होता. रहिवाशांच्या नेहमीच्या आहारात जीवनसत्त्वे आणि खनिजे यांची भर घालून किडीवर काही परिणाम होतो का, हे पाहिले गेले. हाती विशेष काही लागले नाही. १९४७ साली प्रयोगाची दिशा बदलली. कीड रोखणारे अन्न शोधण्याऐवजी आता कीड निर्माण करणारे अन्न देऊन पाहायचे ठरले. या बदलासाठी संसदेपुढे जाण्याची गरज कोणाला वाटली नाही. संशोधक आणि वैद्यकीय मंडळ यांनी तो आपापसांत ठरवला. खर्चाचा मोठा भार आणि लागणारा माल साखर व चॉकलेट उद्योगाकडून आला. साखर निर्दोष ठरेल अशी आशा त्या उद्योगाला होती.

नेमक्या त्याच वर्षी, ऑगस्ट १९४७ मध्ये, न्यूरेंबर्ग येथे नाझी डॉक्टरांच्या खटल्याचा निकाल लागला. त्या निकालात माणसावरील प्रयोगांसाठी दहा तत्त्वे घालून दिली आहेत. त्यांतील पहिलेच तत्त्व असे, की प्रयोगात भाग घेणाऱ्याची स्वेच्छेने दिलेली संमती अनिवार्य आहे. लुंडमध्ये हा निकाल आपल्यालाही लागू पडतो असे कोणाला वाटले नाही. तो युद्धगुन्हेगारांसाठी आहे, सद्हेतूने काम करणाऱ्या डॉक्टरांसाठी नाही, अशीच त्या काळी अनेक देशांतील संशोधकांची समजूत होती.

टॉफीचा दिवस

रहिवाशांचे गट पाडण्यात आले. एका गटाचा आहार तुलनेसाठी नेहमीसारखाच ठेवला. एका गटाला जेवणाबरोबर साखरेचे पाणी दिले. त्यातून दिवसाला ३०० ग्रॅमपर्यंत साखर पोटात जाई. एका गटाला जेवणातच गोड ब्रेड दिला. पुढचे गट मधल्या वेळच्या खाण्याचे होते. एकाला चॉकलेट, एकाला दिवसाला २२ कॅरमेल, एकाला ८ टॉफ्या आणि शेवटच्या गटाला २४ टॉफ्या.

ही टॉफी दुकानात मिळणारी नव्हती. ती या प्रयोगासाठी खास बनवून घेतली होती. मोठी आणि चिवट, चावताना दाढेला धरून बसणारी आणि दातांच्या खाचांत अडकणारी. तिचे काम नेमके तेच होते. साखर तोंडात आली की दातांवरच्या पातळ थरातील जंतू काही मिनिटांत तिचे आम्ल करतात. आम्लता एका मर्यादेपलीकडे गेली की दाताच्या कवचातील खनिजे विरघळू लागतात. लाळ हळूहळू साखर धुऊन काढते, आम्ल निवते आणि अर्ध्या-पाऊण तासात दात पुन्हा सावरू लागतो. साखरेचे पाणी लवकर गिळले जाते. चिकट टॉफी मात्र दाताला धरून राहते, आणि लाळेने ती धुऊन काढेपर्यंत पुढची टॉफी हातात पडते. दिवसभर थोड्या थोड्या वेळाने २४ टॉफ्या खाणाऱ्या माणसाच्या दातांना सावरायला उसंतच मिळत नाही.

परिणाम तसाच झाला. जेवणाबरोबर कितीही साखर घेतली तरी कीड फारशी वाढली नाही. मधल्या वेळी चिकट गोड खाणाऱ्यांची कीड झपाट्याने वाढली आणि २४ टॉफ्यांच्या गटात तर ती इतकी वाढली की त्या गटाची टॉफी अखेर बंद करावी लागली. टॉफी थांबली की नवी कीड होण्याचा वेगही खाली आला. पण किडलेला दात परत उगवत नाही. प्रयोगांत सामील केलेल्या सुमारे ६६० जणांपैकी ५० च्या आसपास लोकांचे दात पुरते नासले.

खुशी आणि संमती

टॉफी खाण्यासाठी कोणावरही जबरदस्ती करावी लागली नसणार, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. ज्या संस्थेत मधल्या वेळचे गोड जवळजवळ नव्हते, तेथे रोज टॉफी मिळणे म्हणजे चैन होती. प्रयोगाचे समर्थक पुढे म्हणत, की रहिवासी आनंदाने खात होते. ते खरे धरले तरी त्याने संमती सिद्ध होत नाही. संमती देणाऱ्याला तीन गोष्टी माहीत असाव्या लागतात. आपल्याला काय दिले जात आहे, त्याचा परिणाम काय होईल आणि नाही म्हटले तर चालेल की नाही. टॉफी का दिली जाते हे देणाऱ्याला ठाऊक होते, खाणाऱ्याला नव्हते. हात धरून केलेली सक्ती डोळ्यांना दिसते. आवडीचा खाऊ पुढे करून, परिणाम लपवून केलेली सक्ती दिसत नाही, म्हणून ती दीर्घकाळ सक्ती म्हणून ओळखलीच गेली नाही.

बंद संस्थेत या दुसऱ्या प्रकाराला विशेष वाव असतो. तेथे जेवण, झोप, कपडे, औषध, खाऊ हे सगळे एकाच व्यवस्थेच्या हातात असते. जो माणूस प्रत्येक गोष्टीसाठी परिचारकावर अवलंबून आहे, त्याने पुढे केलेला घास घेतला तर ती निवड किती आणि सवय किती, हे सांगता येत नाही.

शनिवारचा खाऊ

निष्कर्ष १९५३ मध्ये लोकांपुढे आले. सविस्तर शोधनिबंध १९५४ साली बेंग्ट गुस्ताफसन आणि सहकाऱ्यांच्या नावाने एका स्कँडिनेव्हियन दंतवैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ४३६ व्यक्तींचे पाच वर्षांचे निरीक्षण त्यात आहे. साखर उद्योगाला निकाल रुचणारा नव्हता, पण तो अंगलटही आला नाही. दोष साखरेच्या प्रमाणापेक्षा ती खाण्याच्या वेळेत आणि चिकटपणात आहे, असे निष्पन्न झाले होते.

त्यातून पन्नाशीच्या दशकात एक साधा सल्ला निघाला. मुलांना गोड द्यायचे तर रोज थोडे थोडे देऊ नका, आठवड्यातून एकदाच द्या. वैद्यकीय मंडळाने त्याचा प्रचार केला आणि स्वीडनमध्ये ‘शनिवारचा खाऊ’ ही चाल रूढ झाली. आजही तेथील मुले शनिवारी दुकानात जाऊन कागदी पिशवीत आपल्या आवडीच्या गोळ्या भरून आणतात. पुढच्या दशकांत फ्लोराइड, मोफत बालदंतसेवा आणि शाळांतील दंतशिक्षण यांची जोड मिळाली आणि स्वीडिश मुलांचे दात जगातील उत्तम दातांत गणले जाऊ लागले. व्हिपेहोल्मचे निष्कर्ष जगभर पोचले. भारतातील दंतवैद्यक महाविद्यालयांतही हा प्रयोग शिकवला जातो आणि विद्यार्थी टॉफीचे, ब्रेडचे, चॉकलेटचे गट तोंडपाठ करतात.

उशिरा आलेला प्रश्न

प्रयोगावर टीका निष्कर्षांबरोबरच सुरू झाली, पण ती लवकर विरली. मिळालेले ज्ञान इतके उपयोगाचे होते, की ते कसे मिळाले हा प्रश्न मागे पडला. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या पालकांची राष्ट्रीय संघटना स्वीडनमध्ये १९५६ साली स्थापन झाली, म्हणजे प्रयोग संपल्यावर. त्याआधी या रहिवाशांच्या बाजूने बोलणारे संघटित कोणी नव्हते.

स्वीडन याबाबत एकटा नव्हता. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील फर्नाल्ड संस्थेत १९४० आणि १९५० च्या दशकांत मुलांना ‘विज्ञान मंडळा’चे सभासद करून किरणोत्सारी घटक मिसळलेली ओटची लापशी खाऊ घातली गेली. मंडळाच्या सभासदांना सहली आणि भेटवस्तू मिळत. न्यूयॉर्कमधील विलोब्रुक संस्थेत १९५६ पासून सॉल क्रुगमन यांनी बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांना मुद्दाम काविळीचा संसर्ग दिला. तेथे पालकांच्या सह्या घेतल्या होत्या, पण संस्थेत जागा मिळण्यासाठी ताटकळणाऱ्या पालकांची सही कितपत मोकळी होती, यावर पुढे मोठा वाद झाला. तिन्ही ठिकाणची गोष्ट एकाच मुशीतली आहे. बंद संस्था, स्वतःची बाजू मांडू न शकणारी माणसे आणि चांगल्या हेतूवर गाढ विश्वास असलेले शास्त्रज्ञ.

व्हिपेहोल्मच्या गटातील एक संशोधक बो क्रासे यांनी २००१ साली, अर्धशतकानंतर, आपल्या आठवणी लिहून प्रयोगाचा त्या काळच्या संदर्भात विचार करावा अशी बाजू मांडली. २००६ साली इतिहासकार एलिन बोमेनेल यांनी सरकारी कागदपत्रांच्या आधारे या साखरप्रयोगावर प्रबंध लिहिला. दिशाबदल कोणी ठरवला, पैसा कोठून आला आणि संसदेला काय सांगितले गेले, हे त्यातून पुढे आले. त्यानंतर प्रयोगाचे नाव घेताना संमतीचा प्रश्न टाळणे कठीण झाले.

दंतवैद्याची खुर्ची

प्रयोगातील सक्ती संपली, तरी उपचारातील सक्तीचा प्रश्न उरतोच, आणि तो अधिक अवघड आहे. दात दुखतो आहे हे सांगता न येणारा माणूस स्वतःच्या गालावर मारून घेतो, जेवण सोडतो, रात्र रात्र जागतो. भोवतालचे त्याला चिडका समजतात. त्याला खुर्चीत बसवले, की डोळ्यांवर प्रखर दिवा येतो, अनोळखी हात तोंडात जातो, कानाशी यंत्र घरघरते. हे कशासाठी चालले आहे हे न कळणाऱ्याने तोंड घट्ट मिटणे अगदी स्वाभाविक आहे.

जुन्या संस्थांकडे यावर ठरलेली उत्तरे होती. दोघांनी हात धरायचे, एकाने डोके, पट्ट्यांनी बांधायचे, दातांत पाचर घालून जबडा उघडा ठेवायचा. किंवा भूल देऊन एकाच वेळी जितके दात संशयास्पद वाटतील तितके काढून टाकायचे, कारण पुन्हा संधी कधी मिळेल याचा नेम नसे. त्याची खूण आजही दिसते. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांत बौद्धिक अपंगत्व असलेल्या लोकांचे भरलेले दात इतरांपेक्षा कमी आणि काढलेले दात जास्त आढळतात.

याच्या उलट टोकही तितकेच घातक आहे. रुग्ण नको म्हणतो म्हणून त्याला तसेच परत पाठवले, तर त्याच्या स्वातंत्र्याचा मान राखल्याचे समाधान दंतवैद्याला मिळते आणि गळू रुग्णाच्या जबड्यात वाढत राहते. हेळसांड हीसुद्धा माणसाला न विचारता घेतलेल्या निर्णयासारखीच असते.

मधली वाट शोधण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाले. १९५९ साली ॲडलस्टन यांनी लहान मुलांसाठी ‘आधी सांगा, मग दाखवा, मग करा’ ही पद्धत मांडली. बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांसाठी तिचा वेग आणखी कमी केला जातो. पहिल्या भेटीत नुसते खोलीत येऊन जायचे, दुसऱ्या भेटीत खुर्चीत बसायचे, मग आरसा हातात घेऊन पाहायचा, मग तो दाताला लावू द्यायचा. हात वर केला की दंतवैद्याने थांबायचे, हा करार आधी होतो आणि तो पाळला जातो. त्यानेही जमले नाही, तर नायट्रस ऑक्साइडसारखे सौम्य गुंगीचे उपाय असतात आणि शेवटी भूल.

कायद्यांत उमटलेला नकार

स्वीडन आणि नॉर्वे या दोन शेजारी देशांनी या प्रश्नाच्या दोन बाजूंना कायद्याने उत्तर दिले आहे.

नॉर्वेने उपचारातील सक्तीला कायद्याच्या चौकटीत आणले. रुग्णहक्क कायद्यातील ४अ हे प्रकरण १ जानेवारी २००९ पासून लागू झाले आणि दंतोपचारही त्याच्या कक्षेत येतात. स्वतः संमती देण्याची क्षमता नसलेला रुग्ण विरोध करत असेल, तर आधी त्याचा विश्वास मिळवण्याचे उपाय करावे लागतात. त्यांचा उपयोग झाला नाही, उपचार टाळल्यास आरोग्याची मोठी हानी होणार असेल, उपचार आवश्यक असेल आणि सक्तीचे प्रमाण कारणाच्या मानाने योग्य असेल, तरच सक्ती करता येते. तसा लेखी निर्णय द्यावा लागतो आणि त्याविरुद्ध दाद मागता येते. पूर्वी खोलीच्या बंद दाराआड दोन परिचारक जे करत, ते आता कागदावर आणि कारणांसह करावे लागते.

स्वीडनने प्रयोगांबाबत निर्णायक पाऊल २००३ च्या संशोधन-नीती कायद्याने उचलले. आजार किंवा अपंगत्वामुळे संमती देऊ न शकणाऱ्या माणसावर संशोधन करायचे असेल, तर ते ज्ञान दुसऱ्या मार्गाने मिळण्यासारखे नसावे लागते आणि सर्वसाधारणपणे त्या माणसाचा स्वतःचा लाभ अपेक्षित असावा लागतो. निकटच्या नातेवाइकांशी विचारविनिमय करणे बंधनकारक आहे. त्यापुढची अट सर्वांत महत्त्वाची आहे. त्या माणसाने कोणत्याही रूपाने अनिच्छा दाखवली, तर संशोधन करता येत नाही. नकार शब्दांत असण्याची अट नाही. मान फिरवणे, तोंड मिटणे, हात झटकणे हेही नकारच आहेत. भारतातही २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अपंग व्यक्तीवरील संशोधनासाठी तिला समजेल अशा माध्यमातून घेतलेली मोकळी, माहितीपूर्ण संमती आणि त्यासाठीच्या समितीची पूर्वपरवानगी या दोन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या आहेत.

व्हिपेहोल्मच्या इमारतींत आता शाळा भरते. तेथील प्रयोगाचे निष्कर्ष खरे होते आणि आजही खरे आहेत. मधल्या वेळचा चिकट खाऊ कमी केला की कीड कमी होते, आणि कीड कमी झाली की खुर्चीत धरून ठेवण्याचे प्रसंगही कमी येतात. हे ज्ञान सर्वांत आधी ज्यांच्या उपयोगी पडायला हवे होते, त्यांच्याच दातांची किंमत देऊन ते मिळवले गेले. निवासी संस्थांत गोळ्या-चॉकलेटे आजही शहाण्यासारखे वागल्याचे बक्षीस म्हणून वाटली जातात. ती प्रथा बंद करणे आणि दंतवैद्याच्या खुर्चीत मिटलेल्या तोंडाला नकार मानून तेथून पुढे बोलणे सुरू करणे, एवढे तरी प्रत्येक संस्थेला आज करता येण्यासारखे आहे.